ते लिवलंस का?

"पयलं हितं निवट्या पायाखाली यायच्या गो पोरी. ते लिवलंस का?"

ऐरोलीच्या खाडीत ओहोटीला चिखलात उभी राहून मी चौकटीतली तिवराची श्वासमुळं मोजत होते, बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी. काठावरून जाणारी कोळीण आजी थांबून चिखलातल्या निवट्या माशांबद्दल हे म्हणाली. तिच्या टोपलीचा तळ दिसत होता.

वही चाळली. उंची, घेर, क्षारता, सगळ्याला रकाने. "पयलं" साठी एकही नाही.

२०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ही ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली. मला पुढे याच खाडीसाठी काम करायचंय, अगदी मनापासून. पण आजीचं पन्नासेक वर्षांचं बघणं कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

आज शेवटच्या पानावर तिचं वाक्य तारखेसकट लिहिलं. उद्या भरतीआधी पुन्हा जाणार. भेटेल ना ती?