तुम्ही विचारलंत म्हणून: सर, सारखं आइसलंडच का?

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले पालक आमच्या बुद्धिबळाच्या क्लासच्या दारात थांबतात आणि कुणी ना कुणी विचारतंच, "सर, मुलांना सारखी आइसलंडची गोष्ट का सांगता? आनंदची सांगा, गुकेशची सांगा." त्यांच्याही सांगतोच. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट उत्तर देतो.

आइसलंडची लोकसंख्या जेमतेम चार लाख. आमच्या सांगली-मिरज-कुपवाडमध्ये त्याहून जास्त माणसं राहतात. तरी त्या देशाने दहाहून जास्त ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातली सर्वोच्च पदवी मिळवलेले खेळाडू, दिले. याचं कारण विचारलं की बहुतेक जण १९७२ चं नाव घेतात. अमेरिकेचा फिशर आणि सोव्हिएत संघाचा स्पास्की जगज्जेतेपदासाठी राजधानी रेक्याविकला खेळले आणि त्या बेटाला बुद्धिबळाचं वेड लागलं, असा समज आहे. मला तो उलटा वाटतो. तिथे पाऊण शतक पट मांडून बसलेली माणसं होती, म्हणून ती लढत तिकडे जाऊ शकली.

सुरुवात १९०० ची. त्या वर्षी रेक्याविकमध्ये बुद्धिबळ क्लब निघाला. तेव्हा देश डेन्मार्कच्या राजाचा, लोक शेतीवर आणि मासेमारीवर जगणारे. क्लबला हात दिला डॅनियल विलर्ड फिस्क नावाच्या अमेरिकन विद्वानाने. हा कॉर्नेल विद्यापीठाचा पहिला ग्रंथपाल, त्या काळचा नामांकित खेळाडू पॉल मॉर्फी याच्याबरोबर बुद्धिबळाचं मासिक चालवलेला माणूस, आणि आइसलंडिक भाषेवर जीव टाकणारा. त्याने पट पाठवले, पुस्तकं पाठवली, आइसलंडिक भाषेत बुद्धिबळाचं नियतकालिक निघावं म्हणून स्वतःचे पैसे घातले. १८७९ मध्ये जहाजातून जाताना त्याला ग्रिम्से दिसलं होतं. उत्तर ध्रुववृत्तावरचं इवलंसं बेट. तिथले लोक बुद्धिबळात रमतात असं त्याने ऐकलं होतं. पुढे त्या बेटावरच्या घरांसाठी त्याने पट धाडले आणि मृत्युपत्रात बेटाच्या नावे १२,००० डॉलर ठेवले. त्याचा वाढदिवस, ११ नोव्हेंबर, ग्रिम्सेवर आजही साजरा होतो. ही गोष्ट सांगताना मुलं एकदम गप्प होतात, म्हणून मी ती कधीच घाईत उरकत नाही.

(त्यांच्या भाषेत या खेळाचं नाव आहे 'स्काउक'. त्याचं मूळ फारसी 'शाह'मध्ये. आपला 'शह'ही तिथलाच.)

मग १९२५ मध्ये देशाची बुद्धिबळ संघटना स्थापन झाली, तीही राजधानीत नाही, उत्तरेकडच्या ब्लँडुओस नावाच्या लहानशा गावात. पाचच वर्षांनी त्यांचा संघ हॅम्बर्गच्या ऑलिम्पियाडला, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेला, गेला. १९३९ मध्ये ब्युनोस आयर्सच्या ऑलिम्पियाडमध्ये दुसऱ्या गटाचं विजेतेपद त्यांनी मिळवलं.

या सगळ्यातून वर आला फ्रिद्रिक ओलाफसन. जन्म १९३५ चा. १९५५-५६ च्या इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तो सोव्हिएत खेळाडू कोर्चनॉयबरोबर संयुक्त पहिला आला. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या पोर्तोरोझला त्याने पंधरा वर्षांच्या फिशरला हरवलं, जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या स्पर्धेत जागा मिळवली आणि तो देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. पुढे १९७८ ते १९८२ तो जागतिक संघटनेचा, म्हणजे फिडेचा, अध्यक्ष होता. अध्यक्षपदावर असतानाच, १९८० मध्ये, त्याने तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्हला हरवलं. दिवसभर फायली, पत्रव्यवहार, देशोदेशीची भांडणं, आणि पटावर बसलं की समोर कार्पोव्ह! मला हा माणूस फार मोठा वाटतो.

१९७२ कडेही याच नजरेने पाहा. त्या छोट्या संघटनेने सव्वा लाख डॉलरची बोली लावून लढत मिळवली. तिचा अध्यक्ष गुडमुंडुर थोरारिन्सन हा तरुण इंजिनीअर. उद्घाटन झालं आणि फिशरचा पत्ता नाही. एका इंग्लिश धनिकाने बक्षीस दुप्पट केलं, फिशर आला, पहिला डाव हरला, दुसऱ्याला फिरकलाच नाही. तिसरा डाव प्रेक्षकांविना मागच्या खोलीत खेळवावा लागला. एवढं होऊनही लढत एकविसाव्या डावापर्यंत गेली आणि १ सप्टेंबरला निकाल लागला. फिशरच्या चाली सगळे सांगतात, पण ती लढत मोडू न देणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही.

आणि त्या उन्हाळ्यात नऊ ते सोळा वर्षांची असलेली चार मुलं, योहान ह्यार्तारसन, मारगेर पेतुरसन, हेल्गी ओलाफसन आणि योन अर्नासन, पुढे ग्रँडमास्टर झाली. १९८६ च्या दुबई ऑलिम्पियाडमध्ये आइसलंड पाचवा आला. लढत पाहून पोरं पेटली असतील, जरूर. पण दुसऱ्या दिवशी जायला क्लब होता, बसवून घेणारी मोठी माणसं होती.

सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, पोरांना पटावर बसवलं, स्पर्धा भरवत राहिले. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे त्याच मंडळातून पुढे गेली. तुमचा मुलगा कधी ग्रँडमास्टर होईल हे तुम्ही विचारता, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की त्याला आठवड्यातून दोनदा आपल्याहून बरा खेळणारा कुणीतरी समोर मिळायला हवा. ती सोय तुम्ही-आम्ही करायची.

फ्रिद्रिक ओलाफसन २०२५ च्या एप्रिलमध्ये गेला, नव्वदीचा होऊन. त्याच वर्षी जूनमध्ये, संघटनेला शंभर वर्षं झाली म्हणून, आइसलंडची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पुन्हा ब्लँडुओस गावात भरली होती.