माग बंद करा म्हणायचं कोणी?

बुधवार, रात्री

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात आज दिवसभर आमच्या माहितीपटाचं शूटिंग. आंघोळ झाली तरी नाकात सूत आणि कानात माग.

माग चालवणाऱ्या अण्णांची मुलाखत आजही राहिली. जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणारे माग सुरू झाले की शेडमध्ये तोंडानं कोणी बोलतच नाही. अण्णांनी नुसती हनुवटी उचलली की कांड्यांची पाटी हजर. कॉलरखाली लावलेला लॅपल माईकसुद्धा त्यांच्या आधी मागाचाच आवाज उचलतो. कॅमेरा सांभाळणारा मित्र म्हणाला, पाच मिनिटं माग बंद ठेवायला सांगू. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ठेवतो की. पण मजुरी पीसवर हाय. तेवढं कोण भरून देणार?"

डॉक्युमेंटरीच्या शैली शिकताना नावं घोकली होती: निवेदनाची, निरीक्षणाची, सहभागाची. कुठल्या शैलीत कोणाची मजुरी बुडते, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

मग निरीक्षण. १९६० च्या सुमारास हलके १६ मिमी कॅमेरे आणि खांद्याला अडकवता येणारे ध्वनिमुद्रक आले, तेव्हा अमेरिकेतल्या काही जणांनी हा रस्ता धरला. प्रश्न विचारायचे नाहीत, निवेदन नाही, भिंतीवरच्या पालीसारखं नुसतं बघत राहायचं. आपल्याकडे पाल चुकचुकली तरी सगळं घर वर बघतं, ती गोष्ट वेगळी. सकाळी मालक सारखे केस विंचरून फ्रेममध्ये येत होते. दुपारी माल भरायला टेम्पो आला आणि आम्हाला सगळे विसरले. खरं काम त्यानंतर मिळालं.

ट्यूबलाइटनं मात्र सतावलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, पण शटर चुकीचं लागलं की पडद्यावर पट्टे सरकतात. शटर १/५० सेकंदावर आणलं, पट्टे गेले. धोटा त्या वेगाला पुसट दिसतो. दिसू दे, डोळ्यालाही तो तसाच दिसतो.

मालकांची एक सूचना होती. कोपऱ्यात जुना हातमाग पडलाय, त्यावर अण्णांना बसवू, "जुनं सोलापूर" छान दिसेल. मला लगेच माहितीपट करणारा फ्लाहर्टी आठवला. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये त्यानं बंदुकीनं शिकार करणाऱ्या माणसांच्या हाती भाले दिले, आणि आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधून घेतलं. घराचं मी समजू शकतो, भाल्यांचं नाही. तुटलेल्या धाग्याची गाठ क्लोजअपसाठी अण्णांना परत मारायला लावली, त्यात मला काही गैर वाटत नाही. ते दिवसभर तेच करतात. हातमागावर बसवणं म्हणजे भाला देणं. मालकांना म्हटलं, नंतर बघू.

संध्याकाळी अण्णांच्या घरी गेलो आणि वाट सापडली. अक्का विड्या वळतात. मजुरी हजारावर. सूप मांडीवर, पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला, आणि या सगळ्यात तोंड मोकळं! त्या बोलत राहिल्या, हात थांबला नाही, विडी कमी झाली नाही. अण्णांना कमी ऐकू येऊ लागलंय, हे अक्कांनीच सांगितलं. कारखान्यात ते दिसलंच नसतं. निघताना घराचा रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड केला: पंखा, बाहेर पोरांचं भांडण. एडिटिंगला जोड झाकायला तो लागतो.

म्हणजे चित्र मागाचं आणि आवाज अक्कांचा, तोही त्यांच्या तेलुगूत, खाली मराठी अक्षरं. मित्राला हे पटलेलं नाही. त्याला भारदस्त निवेदन हवंय, थिएटरात सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटात असायचं तसं: "सोलापूर... चादरींचं शहर..." तो आवाज मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण त्या आवाजाला अण्णांच्या कानाचं काय माहीत?

१९६१ मध्ये आलेल्या, पॅरिसमधल्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर' या माहितीपटात झां रूश आणि एडगर मोरॅं यांनी शूटिंग झाल्यावर त्यातल्याच माणसांना फिल्म दाखवली आणि त्यांची भांडणंही फिल्ममध्ये घेतली. आपणही कच्चं एडिटिंग अण्णा-अक्कांना आधी दाखवू, असं मी म्हटलं. मित्र म्हणतो, मालकांनाही बोलवावं लागेल. त्यावरून पार्क चौकात तासभर वाद झाला. उद्या परत.