सडा, वरकस, मळा, पुळण: चार पिशव्या मातीच्या

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, सुरू होतं आणि खाली समुद्राला टेकतं. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला सड्यावरचा एक तुकडा, उतारावरची हलकी वरकस जमीन, मळ्यातल्या दोन कुणग्या म्हणजे छोटी भातखाचरं आणि वाडीतली नारळाची बाग आली. कोकणात जमीन अशी विखुरलेलीच मिळते. काय लावू म्हणून विचारलं की जो तो म्हणे, हापूस लाव. मी म्हटलं, आधी माती तरी तपासून घेऊ.

नमुना घ्यायची रीत सोपी, पण किचकट. शेतात नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी वीतभर खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत खरवडायची. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. लोह, जस्त वगैरे तपासायचं असेल तर लोखंडी फावडं-घमेलं चालत नाही, म्हणून लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं टोपलं घेतलं. माती सावलीत वाळवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले मिसळून पुन्हा तेच, अर्धा किलो राहीपर्यंत. हे सगळं पावसाआधी उरकलेलं बरं. गावात बरेच जण सगळीकडची मूठमूठ माती एकाच पिशवीत भरून देतात. त्याची जी सरासरी येते ती कुठल्याच शेताची नसते. मी चार जागांच्या पिशव्या वेगळ्या केल्या, आत गट नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकली.

फळझाडांसाठी मात्र वीतभर माती पुरत नाही. फुटाफुटाचे थर तीन फुटांपर्यंत वेगळे घ्यावे लागतात. सड्यावर मी पहिलाच थर काढत होतो, तेवढ्यात शेजारचे काका आले. "माती कसली बघतोस रे, पहार मारून बघ." पहार मारली. हातभर खाली खणकन वाजली. आणखी चार ठिकाणी मारली, तर दोन जागी ती कमरेइतकी आत गेली. वरून सगळं सारखंच तांबडं, खाली जांभ्याची पाठ कुठे वर आलेली, कुठे खोल गेलेली.

मातीचं कार्ड, म्हणजे तपासणीची आरोग्यपत्रिका, आलं तेव्हा काकांचं म्हणणं पटलं. आरोग्यपत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. जमिनीची खोली त्यात नसते. कोकणात आधी तीच बघायला हवी.

सड्याचा आणि वरकसचा सामू साडेपाचच्या आसपास, म्हणजे आम्ल. यात नवल नाही. चार महिन्यांत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे चुना, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि मागे लोह-ॲल्युमिनियम उरतं, जांभा म्हणतात तो त्याचाच. सेंद्रिय कर्ब चांगला होता, स्फुरद मात्र कमी. हे कोडं मला उलगडलं ते कृषी विद्यापीठाच्या एका मेळाव्यात. जमिनीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतं, टाकलेलं खतही मुळांना मिळू देत नाही. म्हणून स्फुरद शेतभर फेकण्यात अर्थ नाही. शेणखतात मिसळून कलमाच्या विस्ताराखाली बांगडीसारखा चर काढून द्यायचं. पिशवीवरचे आकडे बघून खत घेणाऱ्यांनी हे एवढं तरी ध्यानात ठेवावं.

सड्यावर हापूस लावला तो फक्त पहार खोल गेली तिथेच, मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन. बाकी कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावणारे आहेत आणि त्यांना आंबा लागतोही, पण तो खर्च माझ्या खिशाचा नव्हता. तिथलं गवत राहू दिलं. वरकसवर पूर्वी नाचणी, वरी असायची. तिथे सात-सात मीटरवर काजू लावला, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. ओघळाच्या कडेला कोकम. आम्ल, हलकी, उताराची जमीन काजूला मानवते, फक्त मुळाशी पाणी साचता कामा नये.

मळ्याचं फारसं काही करावं लागलं नाही. उतारावरून वाहून आलेली माती तिथे साचते, भात होतंच. काकी अजून भाजावळ करते. कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळका पाला आणि शेण जाळून त्या राखेवर तरवा, म्हणजे भाताची रोपं. धूर होतो, झाडं तोडली जातात, तेव्हा ती पद्धत मला आवडत नाही. पण राखेने पालाश मिळतं आणि आम्लताही थोडी उतरते, हे कार्ड वाचल्यावर कळलं.

वाडीतल्या पुळणवट, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या, मातीचं कार्ड अगदी वेगळं निघालं. सामू सातच्या वर, क्षारता काळजी करण्याइतकी नाही, कर्ब आणि पालाश दोन्ही कमी. वाळूत काही टिकत नाही, पाणीही नाही आणि खतही नाही. नारळाला पालाश भरपूर लागतं, म्हणून वर्षाचं खत एकदम न टाकता हप्त्यांनी देतो, आळ्यात सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्या पुरतो. साडेसात मीटरवरच्या माडांच्या मधल्या सावलीत जायफळाची कलमं लावली, माडांवर काळी मिरी चढवली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रावर पाहिलेल्या लाखीबागेची, म्हणजे माडांच्या बागेत मसाल्याची पिकं घेण्याच्या पद्धतीची, ही माझी छोटी नक्कल. मिरी चढली आहे. जायफळाला उन्हाळ्यात दिवसाआड पाणी घालावं लागतं.