डोळे बोलके, तरी चेहरा मावशीचा

तैलरंगातलं एक व्यक्तिचित्र दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलं. फोटोवरून केलेलं, रंग सुरेख, डोळे बोलके. पण मुलगी म्हणाली, "ही आई नाही, मावशी वाटते." अशी तक्रार फार मोलाची. बहिणींचे नाकडोळे सारखे असू शकतात. वेगळेपण बहुतेकदा मधल्या अंतरांत असतं. म्हणून आधी अंतरं मोजायला घेतली.

भुवईपासून हनुवटीपर्यंतचं माप चित्राइतकंच, 12 सेंटिमीटर यावं अशा बेताने फोटो छापून घेतला. केसांपासून मोजणं टाळते, कारण केशरचना बदलते. प्रिंट चित्राला खेटून लावली आणि कर्कटकाने एकेक अंतर ताडून पाहिलं. अलीकडचा डोळा दोन्हीकडे 29 मिलिमीटर. पलीकडचा फोटोत 23, चित्रात 28! चेहरा वळलेला असला की पलीकडचा डोळा अरुंद दिसतो, त्याचा आतला कोपरा नाकाच्या दांडीआड जातो. चित्रात तो कोपरा पूर्ण रंगवलेला होता. डोळा म्हटलं की अख्खा डोळा काढायची हाताची सवय फोटो समोर असूनही सुटत नाही. त्या 5 मिलिमीटरने पुढचं सगळं ढकललं: गालाची कड 6 मिलिमीटर बाहेर, ओठांचा कोपरा 4. निमुळता चेहरा रुंद झाला. मानेचा कल मात्र अचूक पकडलेला होता; त्याला हात लावला नाही.

रंग पूर्ण वाळलेला होता. गालाच्या कडेचा उंचवटा आधी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने सपाट केला. कोरडं घासू नये, काही रंगांची भुकटी विषारी असते. उंचवटा तसाच ठेवला तर वर कितीही रंग लावा, तिरप्या उजेडात जुनी कड दिसतेच. मग जवसाचं तेल अगदी पातळ लावून पुसून घेतलं. त्याने निस्तेज झालेले रंग मूळच्या गडदपणाने दिसतात आणि नवा रंग जुळवता येतो.

गाल आत घेताना गालाला ब्रश लावलाच नाही, पार्श्वभूमीचा दाट रंग आत सरकवला. इथे पातळ थर चालत नाही. तैलरंग वर्षांगणिक थोडा पारदर्शक होतो आणि झाकलेला गाल पुन्हा डोकावू लागतो. नंतर डोळा, मग ओठांचा कोपरा. तो रेषेने काढला की चेहरा ताठरतो. मऊ सावलीचा एक ठिपका पुरतो.

आता चित्र फोटोशी जुळलं, तरी नाक जड दिसत होतं. दोष फोटोचाच. तो मोबाईलवर हातभर अंतरावरून काढलेला. इतक्या जवळून नाक मोठं येतं आणि कान मागे पडतो. दोनेक मीटरवरून काढलेला दुसरा फोटो मागवला, त्यावरून नाकपुडी 2 मिलिमीटर आत घेतली, कान किंचित मोठा केला.

नाकापासून ओठांकडे उतरणारी घडी पुसावी, असं घरच्यांना वाटत होतं. तिचा टोन एक पायरी उजळवला, पण घडी ठेवली. ती गेली की गालाचा उठाव जातो आणि ओठांवरचं हसू आधाराविना उरतं.