पोरीच्या पत्रिकेत पाणीच नाही!

आज ऑफिसातल्या चिनी मैत्रिणीकडे गेलेले, लेक महिन्याची झाली म्हणून. इथे सिंगापुरात अशा वेळी लाल रंगवलेली उकडलेली अंडी देतात, दोन माझ्या हातात ठेवली आणि बोटं लालेलाल 😄

नाव विचारलं तर म्हणे थांब, मोठी स्टोरी आहे. सासूबाईंनी बाळाची बाझी, म्हणजे चिनी पत्रिका, काढून आणली. वर्ष, महिना, दिवस, वेळ, प्रत्येकाची दोन म्हणजे एकूण आठ अक्षरं, आणि त्यातून लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वं किती आहेत ते बघायचं. पोरीच्या वाट्याला पाणी शून्य! मग नावातच पाणी घालायचं, म्हणजे असं अक्षर घ्यायचं ज्याच्या डाव्या बाजूला पाण्याची खूण असते, वरून खाली तीन छोटे फटकारे. तिने टिशूवर काढून दाखवलं. मी म्हटलं तीनच ना, तर म्हणे नाही, नाव शुभ आहे का ते बघायला त्याचे फटकारे मोजतात, तेव्हा हे चार धरतात कारण 'पाणी' हे मूळ अक्षर चार फटकाऱ्यांचं! नवऱ्याला आवडलेलं नाव ह्याच बेरजेत उडालं, बिचारा गप्प नूडल्स खात होता.

मला हसू आलं खरं, पण आमच्या घरी काय वेगळं झालं? अश्विनी नक्षत्र, मग चू चे चो ला, आणि 'चो'वरून नाव शोधताना आईला अख्खी रात्र झोप नाही. शेवटी पत्रिकेत एक, हाक मारायला दुसरंच.

अंडी अजून फ्रीजमध्ये आहेत, रंग काही जात नाहीये हाताचा.