पार्किंग ब्रेक

पहाटे पाचला उड्डाणाआधीच्या दारूच्या तपासणीसाठी ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकून बाहेर आलो, तर ताईच्या मुलाचा मेसेज. 'मामा, बारावीनंतर पायलट व्हावं का? फायदे-तोटे लिहून पाठव ना.' पोरगं साताऱ्यात, आणि ताई त्याच्यासाठी जमिनीचा तुकडा विकायला निघालीये. रात्री लिहितो, म्हटलं.

त्या दिवशी आषाढी एकादशी होती. मुंबई-इंदूर-मुंबई-दिल्ली-मुंबई अशी चार सेक्टरची, म्हणजे चार उड्डाणांची ड्युटी. आईने डबाभर साबुदाण्याची खिचडी दिली होती. उपवास मी कधीच सोडलाय, खिचडी मात्र सोडवत नाही. को-पायलट आशेने डब्याकडे बघत होता, पण त्याला देता येईना. कॉकपिटमध्ये दोघांनी एकच जेवण जेवायचं नसतं. एकाला बाधलं तर दुसरा धडधाकट हवा.

दिल्लीहून निघताना मी टनभर इंधन जास्त घेतलं. जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं, म्हणून कंपनीला हे आवडत नाही. पण जुलैतल्या मुंबईत ते टनभर म्हणजे घिरट्या घालायला आणखी पंचवीस मिनिटं.

पहिली वीस मिनिटं घिरट्यांतच गेली. मग 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरायची परवानगी मिळाली. वाशीची खाडी मागे पडली, खाली घाटकोपर असणार, पण काचेवर नुसतं पाणी. सातशे फुटांवर यंत्राचा पुरुषी आवाज आला: 'गो-अराउंड, विंडशिअर अहेड.' पुढे वारा अचानक दिशा आणि जोर बदलतोय, उतरणं सोडून वर जा, असा त्याचा अर्थ. यात विचार करायचा नसतो. इंजिनांचा जोर वाढवायला थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले, नाक वर घेतलं. विमान चढतंय म्हणून को-पायलटने 'पॉझिटिव्ह क्लाइंब' म्हटलं, मी चाकं आत घ्यायला 'गिअर अप.' जुहूचा किनारा ओलांडला तेव्हा कुठे मागून कुणीतरी रडल्याचा आवाज कानावर आला.

दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याइतकं इंधन होतं, पण ढग हलायला तयार नव्हते. अहमदाबादला वळलो. तिथे उतरलो तेव्हा मुंबईची बरीच विमानं आमच्याआधी येऊन थांबलेली.

या नोकरीतलं मला सगळ्यात आवडतं ते हे: पार्किंग ब्रेक लावला की काम संपतं. घरी फाइल येत नाही, की रात्री साहेबाचा फोन येत नाही. बँकेत चिकटलेले माझे वर्गमित्र या एका गोष्टीसाठी माझा हेवा करतात. त्या दिवशी मात्र खरं काम ब्रेक लावल्यावरच सुरू झालं.

कंपनीच्या ऑपरेशन्स विभागाचा फोन आला. "सर, मुंबई उघडतेय. एक्स्टेन्शन घेणार का?" ड्युटीची वेळ संपली होती. अशा अडचणीत ती वाढवता येते, पण कॅप्टन हो म्हणाला तरच. मागे पावणेदोनशे माणसं होती, त्यातल्या एक आजी सारखं विचारत होत्या, "दादर कधी येणार?" को-पायलटला विचारलं, "खरं सांग, दमलायस?" "नाही सर, फ्रेश आहे."

तो चोवीस वर्षांचा, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. तो 'नाही' म्हणणारच. पण अहमदाबादला येताना त्याने दोनदा उंचीचा आकडा चुकीचा वाचून दाखवला होता. एकदा कंट्रोलरने दुरुस्त केला, एकदा मी. आणि एकदा तर मलाच कळायला क्षणभर उशीर झाला. हे शेवटचं मी त्याला सांगितलं नाही.

मी नाही म्हणालो.

प्रवाशांना सांगायला स्वतः केबिनमध्ये गेलो. एक गृहस्थ म्हणाले, "गलेलठ्ठ पगार घेता आणि पाच वाजले की घरी?" घरी कसला, हॉटेलात. पण त्यांचं पगाराबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पगार चांगलाच आहे. तो 2020 च्या मार्च ते मे देशांतर्गत विमानं जमिनीवर होती तेव्हा किती तकलादू वाटत होता, हे त्यांना कुठून ठाऊक असणार! दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, आणि मेडिकलच्या आधी आठवडाभर घरात तळण बंद. इंजिनिअरला बीपी निघालं तर तो गोळी घेऊन ऑफिसला जातो, माझं लायसन्स आधी अडकतं.

आजींना उतरताना हात दिला. म्हणाल्या, "विठ्ठलाने सुखरूप ठेवलं." मी म्हटलं, "हो आजी." टनभर इंधनाचा विषय काढला नाही.

रात्री अकराला हॉटेलात भाच्याला लिहायला बसलो. इंदूरहून परतताना घाटावर सूर्य ढगांच्या कडांना लागला होता, ते लिहिलं आणि खोडलं. एवढ्यावर पोरगं जमीन विकायला लावेल. कर्जाचं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही भरण्याआधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घे. ताईला म्हणावं, तोवर जमिनीला हात लावू नको.'

लगेच उत्तर आलं: 'बाकीचे फायदे-तोटे?'

उद्या विमान मुंबईला परत नेलं की सांगतो, असं लिहून गजर लावला.