स्पॅम फिल्टरचं मॅन्युअल नव्याने लिहिताना

गेले काही महिने मी आमच्या मेल सर्व्हरच्या स्पॅम फिल्टरचं मॅन्युअल पुन्हा लिहिते आहे. मांडणी नेहमीचीच आहे: पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मेल घेतो, अमाविस या मधल्या प्रोग्रॅमकडे देतो आणि अमाविस त्यावर स्पॅमअसॅसिन या गुण देणाऱ्या फिल्टरचं मत घेतो. वाचणारे दोन प्रकारचे. एक, सर्व्हर सांभाळणारी दोन-तीन मंडळी. दुसरे, ज्यांचे मेल हरवतात ते बाकी सगळे.

जुनं मॅन्युअल म्हणजे सेटिंग्जची यादी होती. सेटिंगचं नाव, त्याची मूळ किंमत, दोन ओळींत अर्थ, की लगेच पुढचं सेटिंग. अशी यादी लागतेच, मीही ती रोज उघडते. पण तिलाच मॅन्युअल म्हणणं म्हणजे एखाद्याच्या हातात शब्दकोश देऊन ‘चल, बोल आता’ म्हणण्यासारखं आहे. फिल्टरपाशी कुणी सेटिंग शोधत येत नाही. कामाचा मेल स्पॅममध्ये गेला, कचरा इनबॉक्समध्ये आला, किंवा सेटिंग बदलूनही काहीच फरक पडला नाही, असं काहीतरी घडलेलं असतं म्हणून माणूस येतो.

म्हणून नव्या मॅन्युअलचं पहिलं पान एका मेलवर आहे. आमच्याकडे हिशेब बघणाऱ्या बाईंना येणारं एका पुरवठादाराचं बिल सारखं स्पॅममध्ये जायचं. त्यांच्या परवानगीने नावं-पत्ते काढून त्याचे हेडर (मेलच्या माथ्यावरच्या, एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळी) घेतले. मेलचा मूळ मजकूर कसा उघडायचा, त्यात ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ कुठे असते, तिच्यात एकूण स्कोअर (स्पॅम असण्याचे गुण) किती, कितीला स्पॅम मानायचं ती मर्यादा किती आणि कोणकोणते नियम लागले, एवढंच त्या पानावर आहे. बिलाच्या बाबतीत मेल नुसता एचटीएमएलमध्ये होता, त्यात चित्र मोठं आणि मजकूर जेमतेम, त्याचे किरकोळ गुण. खरा भार ‘बेझ ९९’ या, शिकवलेल्या मेलवरून ठरणाऱ्या नियमाचा, ज्याला मूळ सेटिंगमध्ये एकट्यालाच साडेतीन गुण आहेत. म्हणजे आमच्या फिल्टरलाच कुणीतरी शिकवून ठेवलं होतं की असली बिलं कचरा असतात. ही ओळ वाचता आली की पुढे कुठलं पान उघडायचं ते आपोआप कळतं. ती वाचता आली नाही तर माणूस मर्यादेचा आकडा खालीवर करत बसतो.

मर्यादेबद्दलही मला जरा बोलायचंय. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५ आहे. त्याच्या अधिकृत पानावरच लिहिलेलं आहे की ५ हा आकडा बराच कडक आहे, एकट्यादुकट्या वापरकर्त्याला ठीक, मोठ्या सेवादाराने ८ किंवा १० ठेवावा. हे वाक्य सेटिंग्जच्या त्या लांबलचक यादीत इतकं बुडालेलं असतं की ते वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. उलट ‘स्पॅम फार येतोय’ म्हणून ३ करणारे पुष्कळ. आता नियमांचे गुण ठरवतानाच मर्यादा ५ धरलेली असते. ती ३ वर आणली की चांगले मेलही त्या गाळणीत अडकायला लागतात. मी मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय: कडक करायची असेल तर मर्यादा सोडा, नियम बघा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘सेटिंग बदललं, काहीच झालं नाही’ या तक्रारीवर. यातली निम्मी भानगड एका वाक्यात संपते, आणि ते वाक्य जुन्या मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हतं: स्पॅमअसॅसिन मेल अडवत नाही, पुसत नाही, परतही पाठवत नाही. तो गुण मोजतो आणि कळवतो. पुढे काय करायचं ते त्याला बोलावणारा ठरवतो, आमच्याकडे अमाविस. अमाविसच्या मर्यादा त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये असतात. मेलवर स्पॅमची खूण कितीला करायची तो आकडा वेगळा, मेल अडवून ठेवायचा तो वेगळा. त्यामुळे स्पॅमअसॅसिनच्या ‘लोकल डॉट सीएफ’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये मर्यादा ५ वरून ८ केली तरी अमाविस आपल्याच आकड्यांवर चालतो. विषयाच्या ओळीपुढे ‘स्पॅम’ असं जोडायचं सेटिंगही तसंच. स्पॅमअसॅसिनच्या पानावर ते दिलंय, ते बरोबरही आहे, पण अमाविसमधून जाणाऱ्या मेलला ते लागत नाही, कारण तिथे हेडर लिहिणारा अमाविस असतो.

म्हणजे दोन्ही प्रोग्रॅमची कागदपत्रं आपापल्या जागी अचूक, आणि वापरणारा मधल्या फटीत. प्रत्येक प्रोग्रॅमचा लेखक आपल्या कुंपणापर्यंत लिहितो, मेल मात्र सगळी कुंपणं ओलांडून जातो. म्हणून मी मेलच्या प्रवासाचं एक साधं चित्र काढलं आणि प्रत्येक टप्प्याखाली लिहिलं की इथे कोण निर्णय घेतो आणि त्याची फाइल कुठली. आमच्या टीममधले एक जण म्हणाले, ‘अहो, हे तर सगळ्यांना माहीत असतं.’ त्यांना माहीत आहे, कारण सर्व्हर त्यांनीच उभा केलाय.

तक्रारीचा उरलेला भाग रीस्टार्टचा. फाइल बदलली तरी चालू असलेला प्रोग्रॅम जुनंच वाचून बसलेला असतो. त्यामुळे आता प्रत्येक सूचनेच्या शेवटी ‘बदल लागला का ते बघा’ असा तुकडा आहे. आधी स्पॅमअसॅसिन ‘लिंट’ या, सेटिंग्जची फाइल तपासणाऱ्या पर्यायासह चालवायचा. फाइल ठीक असेल तर तो काहीच बोलत नाही, आणि ही शांतता नवख्या माणसाला घाबरवते, तेव्हा ‘काही छापलं नाही म्हणजे ठीक’ हे लिहावंच लागतं. मग अमाविस रीस्टार्ट. मग एक मेल पाठवून हेडर बघायचे.

चाचणीसाठी ‘जीट्यूब’ नावाची ६८ अक्षरांची ठरलेली ओळ असते. ती मेलमध्ये टाकली की स्पॅमअसॅसिन तब्बल १००० गुण देतो. फिल्टर जिवंत आहे एवढं त्यातून कळतं. तुमचं नवं सेटिंग बरोबर आहे की नाही, ते नाही कळत, आणि हा फरक लिहिलेला फार कमी ठिकाणी दिसतो. (ती ओळ असलेलं पान तपासायला म्हणून कुणाला मेलने पाठवू नका. पोचणार नाही.)

बेझचं पान मी मुळापासून लिहिलं. बेझ म्हणजे आपण दाखवलेल्या मेलवरून शिकणारा भाग. तो निदान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय गुणच देत नाही. लोक उत्साहाने कचरा शिकवतात, चांगले मेल शिकवायचं कुणाला सुचत नाही, आणि मग ‘बेझ चालत नाही’. पण याहून छुपी अडचण म्हणजे कोणत्या खात्यातून शिकवलं ही. रूट (सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं) होऊन ‘एसए-लर्न’ हा शिकवण्याचा प्रोग्रॅम चालवला की तो इमानदारीत शिकतो, इतके मेल शिकलो असंही सांगतो, आणि ते सगळं रूटच्या फोल्डरमध्ये ठेवतो. अमाविस चालतो दुसऱ्या खात्यातून, त्याचा साठा वेगळा. महिनोन्‌महिने शिकवणी चालू आणि विद्यार्थी दुसऱ्याच वर्गात. उपाय सोपा आहे: अमाविस ज्या खात्यातून चालतो त्याच खात्यातून शिकवायचं आणि ‘डंप मॅजिक’ पर्याय देऊन स्पॅमचा नि चांगल्या मेलचा आकडा वाढला का ते बघायचं. हिशेबवाल्या बाईंचं बिलही त्यानेच सुटलं. त्यांची जुनी बिलं चांगले मेल म्हणून शिकवली.

डीएनएसबद्दल (नावांवरून इंटरनेटचे पत्ते शोधून देणारी यंत्रणा) थोडक्यात. काळ्या यादीतले पत्ते ओळखायला फिल्टर डीएनएसमार्फत बाहेरच्या याद्यांना विचारतो. सर्व्हर जर सगळ्यांसाठी खुला असलेला एखादा मोठा डीएनएस वापरत असेल तर त्यातल्या बऱ्याच याद्या उत्तर नाकारतात. हेडरमध्ये ‘यूआरआयबीएल ब्लॉक्ड’ दिसलं तर ओळखायचं. त्याचे गुण नगण्य असल्यामुळे नजर त्यावरून घसरते. आपला स्वतःचा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसचे प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम, बसवायचा, ‘अनबाउंड’ पुरेसा आहे, फक्त त्याने प्रश्न पुन्हा त्याच खुल्या डीएनएसकडे ढकलू नयेत.

उदाहरणांचा क्रम किती महत्त्वाचा, हे मला एका नव्या सहकाऱ्याशेजारी गप्प बसून कळलं. तो परिच्छेद वाचतच नव्हता. उदाहरणाच्या करड्या चौकटीवर जायचा, पहिली ओळ कॉपी करायचा आणि कामाला लागायचा. विश्वासू पाठवणाऱ्यांच्या पानावर पहिलं उदाहरण होतं ‘व्हाइटलिस्ट फ्रॉम’, जे फक्त पाठवणाऱ्याचा लिहिलेला पत्ता बघतं आणि स्कोअरमधून १०० गुण वजा करतं. तो पत्ता कुणीही खोटा लिहू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा आहे का ते पडताळायच्या दोन पद्धती) तपासून मगच विश्वास ठेवणारं ‘व्हाइटलिस्ट ऑथ’ खाली तिसऱ्या परिच्छेदात होतं. मी ते वर आणलं आणि पहिलं चौकटीतून काढूनच टाकलं. प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर फाइलचा पूर्ण पत्ता आणि आवृत्तीही लिहिली, कारण डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून या सेटिंग्जची नावं ‘वेलकमलिस्ट’ झाली आहेत. जुनी नावं अजून चालतात, पण नवं पान आणि जुना सल्ला शेजारी ठेवले की वाचणारा चक्रावतो.

नियमांच्या अपडेटला जुन्या मॅन्युअलमध्ये एक ओळ होती, आता पूर्ण पान आहे. ज्यांना हे जास्त वाटतं त्यांना मी १ जानेवारी २०१० ची गोष्ट सांगते. फार पुढची तारीख असलेले मेल पकडायला स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता आणि त्याच्या लेखी २०१० हे साल ‘फार पुढचं’ होतं. नवं वर्ष उजाडलं आणि त्या दिवसापासून धडधडीत चांगल्या मेलना तीनपेक्षा जास्त गुण फुकट मिळायला लागले. दुरुस्ती ‘एसए-अपडेट’ या नियम अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅममधून आली, म्हणजे ज्यांनी तो रोज आपोआप चालेल असा लावलेला होता त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचली. बाकीच्यांपैकी ज्यांना हेडर वाचता येत होते, त्यांना प्रत्येक मेलवर एकच नियम दिसला असणार.

पुढच्या टप्प्यात आम्ही रिस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरकडे जाणार आहोत. तो नुसते गुण मोजून थांबत नाही, काय करायचं तेही सांगतो: मूळ सेटिंगमध्ये ४ ला थोपवून नंतर घ्या, ६ ला हेडर लावा, १५ ला नाकारा. म्हणजे ‘फिल्टर मेल अडवत नाही’ हे माझं लाडकं वाक्य आता खोडावं लागणार. शिवाय ‘लोकल डॉट डी’मध्ये लिहिलेलं मूळ सेटिंगमध्ये मिसळतं, ‘ओव्हरराइड डॉट डी’मधलं त्याच्यावर मात करतं, आणि चुकीच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवणारे येणारच. त्यांच्यासाठीचं पान आधी लिहायला घेतलंय.